उपदेश आणि आचरण : जॉर्ज हर्बर्टच्या ‘द कंट्री पार्सन’मधील एक पेच

जॉर्ज हर्बर्टच्या ‘द कंट्री पार्सन’ या ग्रंथाचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. हर्बर्टने चर्चमधील व्यासपीठावरून केलेला एकही उपदेश आज उपलब्ध नाही. लॅन्सलॉट अँड्रूजचे 96 उपदेश त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1629 मध्ये, संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले. जॉन डनचे सुमारे 160 उपदेश टिकून राहिले. परंतु उपदेश कसा करावा या विषयावर सतराव्या शतकातील इंग्रजी गद्यात जे अत्यंत सूक्ष्म लेखन झाले, त्यातील एक प्रकरण ज्याच्या नावावर आहे, त्याच्या उपदेशातील एक वाक्यही मागे राहिलेले नाही. हा केवळ योगायोग असणे शक्य आहे. तथापि ग्रंथाची एकंदर धारणा पाहता हा योगायोग फार अर्थपूर्ण वाटू लागतो. कारण उपदेश ही जतन करून ठेवण्याजोगी वाङ्मयीन कृती होय, हे गृहीतच या ग्रंथाला मान्य नाही.

हर्बर्टचे चरित्र सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे अनावश्यक आहे. 1593 मध्ये मॉंटगोमेरी येथे जन्म, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण, 1620 पासून 1628 पर्यंत विद्यापीठाचा ‘पब्लिक ऑरेटर’, 1624 च्या पार्लमेंटात सभासदत्व, आणि अखेरीस 1630 च्या एप्रिलमध्ये सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या खेड्यात पाळक म्हणून नेमणूक, हा त्याचा क्रम आहे. 1633 च्या 1 मार्च रोजी, वयाची चाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, क्षयाने त्याचे निधन झाले. म्हणजे ज्या ग्रामपाळकाच्या जीवनाचे तो अधिकृत चित्रकार मानला जातो, ते जीवन त्याने पुरती तीन वर्षेही जगले नव्हते. (‘पार्सन’ या शब्दासाठी मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेला ‘पाळक’ हाच शब्द पुढे योजला आहे. कळप आणि मेंढपाळ यांची प्रतिमा त्यात सहजच सामावलेली असून हर्बर्टलाही ती अभिप्रेत आहे.) त्याच्या कवितांचा ‘द टेम्पल’ हा संग्रह मृत्यूच्या वर्षीच निघाला. 37 प्रकरणांचा हा गद्यग्रंथ मात्र 1652 मध्ये, बार्नबस ओली याच्या संपादनाखाली, प्रथम प्रकाशात आला. तोवर यादवी युद्धात राजाचा शिरच्छेद झालेला होता आणि ग्रंथात वर्णिलेली धर्मव्यवस्था उद्ध्वस्त झालेली होती.

या शेवटच्या वस्तुस्थितीमुळे ग्रंथाच्या वाचनाला एक विशिष्ट वळण लागले. नष्ट झालेल्या सुवर्णकाळाचे स्मरणचित्र म्हणून तो वाचला जाऊ लागला. 1670 मध्ये आयझॅक वॉल्टनने हर्बर्टचे चरित्र लिहिले तेव्हा या चित्रात आणखी रंग भरले. घंटा ऐकून नांगर थांबवणारे शेतकरी त्याच चरित्रात भेटतात. संगीताच्या बैठकीस जाताना वाटेत पडलेल्या घोड्याला उठविण्यासाठी अंगरखा उतरवून चिखलात हात घालणारा पाळकही तेथलाच. वॉल्टनचा हर्बर्टशी निकटचा परिचय नव्हता, हे विसरून या कथा प्रमाण मानल्या गेल्या. परिणामी ‘कंट्री पार्सन’ हा ग्रंथ शांत, सात्त्विक आणि संघर्षविरहित आहे असा समज दृढ झाला. तो समज बरोबर नाही. ग्रंथाच्या अगदी गाभ्याशी एक पेच आहे. हर्बर्टने तो सोडविलेला नाही. तो त्याला पूर्णपणे सोडविता येण्यासारखाही नव्हता.

हा पेच सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो उपदेशाविषयीच्या सातव्या प्रकरणात. प्रकरणाचा पूर्वार्ध वाचताना केंब्रिजचा वक्ता खेड्यात आला तरी आपली विद्या विसरलेला नाही, याची खूण पटते. श्रोत्यांचे लक्ष वेधून घेण्यासाठी पाळकाने कोणकोणते उपाय योजावेत याची तेथे चर्चा आहे. बोलण्यात कळकळ असावी. नजर सतत श्रोत्यांवरून फिरत राहावी. कोण लक्ष देत आहे आणि कोण नाही हे आपण पाहतो आहोत, याची त्यांना जाणीव असू द्यावी. उपदेशाचा रोख कधी तरुणांकडे, कधी वृद्धांकडे, कधी गरिबांकडे तर कधी श्रीमंतांकडे वळवावा, कारण सर्वसाधारण विधानापेक्षा नेमके विधान अधिक झोंबते. मधूनमधून कथा आणि वचने सांगावीत. खेडवळ माणसाची वृत्ती जड असते, त्याच्या मनात आवेश पेटविणे कठीण, उपदेश तो चर्चच्या दाराशीच विसरतो, पण गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात राहते. यातील प्रत्येक सूचना व्यवहार्य आहे आणि प्रत्येक सूचनेमागे वक्तृत्वशास्त्राचा दीर्घ अभ्यास आहे.

आणि येथेच प्रकरण एकाएकी कलाटणी घेते. या सर्व उपायांनी लक्ष वेधले जाते, हे मान्य करून हर्बर्ट म्हणतो की पाळकाच्या उपदेशाचा खरा गुणविशेष पावित्र्य हा होय. चातुर्य, विद्वत्ता किंवा वाक्पटुत्व नव्हे. एवढ्यावर न थांबता तो हर्मोजिनिसचे नाव घेतो. हा दुसऱ्या शतकातील ग्रीक वक्तृत्वशास्त्रज्ञ. शैलीच्या प्रकारांचे त्याने केलेले वर्गीकरण तत्कालीन विद्यापीठांत आदराने अभ्यासले जाई. पावित्र्य हा शैलीगुण हर्मोजिनिसच्या स्वप्नातही आला नव्हता आणि म्हणूनच त्याविषयी त्याला नियम सांगता आले नाहीत, असे हर्बर्टचे म्हणणे. विधान मोठे मार्मिक आहे. परंतु पुढच्याच वाक्यात हर्बर्ट स्वतः ते नियम सांगू लागतो! पावित्र्य साधण्याचे पाच मार्ग तो क्रमाने देतो : भक्तिपर आणि हृदयस्पर्शी वचने निवडावीत, वादविषयक नव्हेत, शब्द तोंडात येण्यापूर्वी अंतःकरणात बुडवून काढावेत, उपदेशाच्या ओघात वारंवार देवाकडे वळून त्याला संबोधावे, लोकांच्या कल्याणाची इच्छा पुनःपुन्हा व्यक्त करावी, आणि देवाचे सान्निध्य व त्याचे वैभव यांचे भान सतत देत राहावे.

या पाच मार्गांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. पहिला मार्ग विषयाच्या निवडीचा आहे. तिसरा तर उघडउघड वक्तृत्वशास्त्रातील एक अलंकार आहे. ‘अपॉस्ट्रॉफी’ ही त्याची संज्ञाही हर्बर्टने तशीच ठेवली आहे. चौथा व पाचवा पुनरावृत्तीवर अवलंबून आहेत. म्हणजे ज्या गुणाला शास्त्रात नियम नाहीत असे सांगितले, त्याच्या पाच नियमांपैकी चार शास्त्रात बसणारे आहेत. उरतो तो दुसरा. शब्द हृदयात बुडवून काढावा, जे बोलतो ते खरोखर अनुभवलेले असावे, हा नियम नव्हे. ती एक अट आहे. आणि या अटीचे वर्णन करतानाही हर्बर्टची दृष्टी श्रोत्याकडे वळतेच : प्रत्येक शब्द अंतःकरणाच्या तळापासून आला आहे हे श्रोत्यांना स्पष्ट दिसावे, अशी पुस्ती तो जोडतो. अंतःकरणातून येणे आणि तसे आलेले दिसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हर्बर्टच्या वाक्यात मात्र त्या एकाच दमात येतात.

प्रार्थनेविषयीच्या सहाव्या प्रकरणातही हेच घडते. प्रार्थना म्हणताना पाळकाने हृदय, हात आणि नेत्र वर उचलावेत व निर्व्याज भक्ती प्रकट करणारे इतर सर्व हावभाव करावेत. तो स्वतः प्रथम हेलावला म्हणजे लोकांनाही हेलावू शकेल, असे तेथे प्रतिपादन आहे. वक्त्याने प्रथम स्वतः भावनेने भारले गेले पाहिजे हा सिद्धांत क्विंटिलियनने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात मांडलेलाच आहे. हर्बर्टने तो तेथूनच उचलला असा आग्रह धरण्याचे कारण नाही, पण ज्या मुशीत त्याचे मन घडले ती मूस हीच होती. संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे सात्त्विक भावांचा प्रश्न आठवल्यावाचून राहणार नाही. अश्रू, रोमांच इत्यादी भाव मन एकाग्र झाल्यावाचून नटाला दाखविता येत नाहीत असे भरताने म्हटले. पण तेवढ्याने नट हा नट असण्याचे थांबत नाही. रंगभूमीवर ही अडचण अडचण ठरत नाही, कारण तेथे प्रेक्षकाशी झालेला करारच अभिनयाचा असतो. चर्चमध्ये तसा करार नसतो. तेथे निर्व्याजतेचा अभिनय उत्तम वठला, तर ती कलेची सिद्धी न ठरता पाप ठरते.

हर्बर्टला ही जाणीव नव्हती असे मानणे अन्यायाचे होईल. वॉल्टनने सांगितलेली एक हकीकत खरी असो वा रचलेली, या संदर्भात उद्बोधक आहे. बेमर्टनमधील पहिला उपदेश हर्बर्टने मोठ्या विद्वत्तेने आणि अलंकृत भाषेत केला, आणि शेवटी लोकांना सांगितले की यापुढे आपण असे बोलणार नाही. त्या दिवशीचे वचन होते नीतिसूत्रांतील, आपले अंतःकरण सर्वस्वी जपण्याविषयीचे. अलंकाराचा त्याग करण्यापूर्वी एकदा अलंकाराचे सामर्थ्य दाखवून देण्याचा मोह, आणि तोही अंतःकरण जपण्याचा उपदेश करताना! वॉल्टनला यातील उपरोध दिसला होता की नाही, कोण जाणे.

सातव्या प्रकरणाच्या अखेरीस अर्थविवरणाच्या पद्धतीविषयी जे म्हटले आहे, त्याचाही येथेच निर्देश करणे योग्य होईल. वचनाचा सरळ अर्थ सांगावा आणि मग ते वचन अखंड ठेवूनच त्यातून काही निवडक विचार काढावेत, ही हर्बर्टची पद्धती. बोलणारा कोण, कोणाशी, कर्ता कोणता, कर्म कोणते, असा वचनाचा भुगा करणाऱ्या पद्धतीचा तो निषेध करतो. असे सुटे केलेले शब्द हे शास्त्र नसून केवळ शब्दकोश होत, असा त्याचा अभिप्राय आहे. अँड्रूजचे नाव त्याने घेतलेले नाही, पण अँड्रूजच्या शब्दच्छेदपद्धतीचे स्मरण झाल्याशिवाय हा भाग वाचता येत नाही. उपदेश एका तासाहून अधिक लांबवू नये, हा नियमही येथेच येतो. आजच्या वाचकाला एक तास फार वाटेल. त्या काळी तो संयम होता.

तर मग पावित्र्य आणि त्याचे प्रदर्शन यांतील भेद ओळखायचा कसा? हर्बर्टचे उत्तर चर्चच्या बाहेर आहे, आणि या ग्रंथाचे खरे मोल या उत्तरात आहे. 37 प्रकरणांपैकी उपदेशाला एकच प्रकरण मिळावे आणि बाकीची पाळकाचे घर, त्याचा आहारविहार, दानधर्म, पाहुणचार, बागेतील औषधी वनस्पती, भांडणांचा निवाडा, विनोद, आणि त्याच्या वाट्याला येणारी उपेक्षा यांसाठी खर्ची पडावीत, ही रचनाच बोलकी आहे. तिसऱ्या प्रकरणात पाळकाच्या आचरणाचे जे नियम येतात, ते धर्मशास्त्रातून काढलेले नसून खेड्याच्या निरीक्षणातून काढलेले आहेत. शेतकरी घाम गाळून पैसा मिळवितो, म्हणून पैशाची किंमत त्याला कळते; तेव्हा पाळकाचा लोभ त्याच्या डोळ्यांत प्रथम खुपेल. खरेदीविक्रीचा सगळा व्यवहार शब्दावर चालतो, म्हणून शब्द पाळणे खेड्यात फार मोठे. तेव्हा पाळकाने नुकसान सोसूनही दिलेला शब्द पाळावा. व्यवहारात ज्याच्यावर विश्वास टाकता येत नाही, त्याच्यावर लोक व्यासपीठावरही विश्वास ठेवणार नाहीत, हे कारण हर्बर्ट स्पष्टपणे देतो. येथे श्रोता जडबुद्धीचा राहत नाही, तो परीक्षक होतो. सातव्या प्रकरणातील मंद खेडूत आणि तिसऱ्या प्रकरणातील चाणाक्ष खेडूत ही एकच माणसे आहेत, ही गोष्ट ग्रंथाच्या अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

चौदाव्या प्रकरणात हा विचार आणखी पुढे जातो. आठवड्यातील इतर दिवशी दुपारी पाळकाने घरोघर जावे, अगदी वाकून शिरावे लागेल अशा दुर्गंधीयुक्त झोपडीतही जावे, असे हर्बर्ट सांगतो. का? तर रविवारी लोक जशी सणाची वस्त्रे अंगावर चढवतात तशीच शिस्तही चढवून येतात. कामाच्या दिवशी ते जसे आहेत तसे सापडतात. पाळकाच्या अभिनयाविषयी जो संशय मनात येतो, तोच संशय हर्बर्टने मंडळीविषयी घेतला आहे. रविवारच्या उपासनेत व्यासपीठावरचा आणि समोरच्या बाकांवरचे, दोघेही नटलेले असतात. त्यांची खरी भेट घडते ती मंगळवारी वा बुधवारी, चुलीशेजारी किंवा गोठ्यात. शेतीचे आणि जनावरांचे ज्ञान पाळकाला असावे, या चौथ्या प्रकरणातील आग्रहाचाही अर्थ येथे उलगडतो. माणूस कळलेल्या गोष्टीवरूनच न कळलेल्या गोष्टीकडे नेता येतो, असे कारण तेथे दिलेले आहे.

प्रश्नोत्तररूपाने धर्मशिक्षण देण्याविषयीचे एकविसावे प्रकरण याच दिशेचे आहे. तेथे हर्बर्ट सॉक्रेटिसचा दाखला देतो. उपदेश चालू असता मनुष्य झोपू शकतो, मनाने भटकू शकतो. प्रश्न विचारला की त्याला आपण काय आहोत हे दाखवावेच लागते. स्टॅन्ली फिश यांनी 1978 च्या ‘द लिव्हिंग टेम्पल’ या ग्रंथात या पद्धतीच्या आधारे हर्बर्टच्या कवितांचा अर्थ लावला, आणि वाचकाला उत्तर शोधावयास लावणारी रचना म्हणून ‘द टेम्पल’कडे पाहण्याची दृष्टी दिली. ती दृष्टी मोलाची आहे. तथापि तिच्यात एक भाग सुटतो. रविवारी दुपारचे उपदेश बंद करून त्या जागी प्रश्नोत्तरे घ्यावीत ही केवळ हर्बर्टची आवड नव्हती. राजसत्तेचे धोरण तसे होते. पहिल्या जेम्सच्या 1622 च्या आणि पहिल्या चार्ल्सच्या 1629 च्या सूचनांचा रोख हाच होता, व त्यामागे प्युरिटन उपदेशकांच्या जिभेला आवर घालण्याचा हेतू होता. सकाळी उपदेश आणि दुपारी प्रश्नोत्तरे असा दिनक्रम आखणारा हर्बर्टचा पाळक त्यामुळे सॉक्रेटिसाबरोबर राजाचाही शिष्य ठरतो.

ग्रंथाची ही बाजू कठोर आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पाळक टेहळणी करतो. मोकळ्या वेळी जणू टेकडीवर उभा राहून कळपातील दोष न्याहाळतो. देवाचा प्रतिनिधी या नात्याने बक्षीस व शिक्षा देतो. उपदेश करताना श्रोत्यांवरून फिरणारी ती नजर आठवड्यातील सातही दिवस मिटत नाही. झोपडीत वाकून शिरणारा पाळक सेवक म्हणून शिरतो की पहारेकरी म्हणून, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि ग्रंथ त्याला दोन्ही उत्तरे देतो. रोनाल्ड कूली यांनी 2004 च्या अभ्यासात ग्रंथाचा हा सामाजिक संदर्भ तपशिलाने मांडला असून, निव्वळ सात्त्विक हर्बर्टची प्रतिमा त्यानंतर टिकणे कठीण झाले आहे.

ही प्रतिमा किती भारी पडली, याची साक्ष खुद्द पाळकवर्गातूनच मिळाली. 2009 मध्ये जस्टिन लुइस-अँथनी या अँग्लिकन पाळकाने लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकच असे आहे की हर्बर्ट वाटेत भेटला तर त्याला ठार करा. (बौद्ध झेन परंपरेतील एका प्रसिद्ध उक्तीचे हे रूपांतर.) सर्वांच्या घरी जाणारा, सर्व काही जाणणारा, कधीही न चुकणारा पाळक हा आदर्श पुढील पिढ्यांच्या मानेवर ओझे होऊन बसला, अशी त्याची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. मात्र तिचा काही दोष हर्बर्टकडे आणि काही वाचकांकडे जातो. प्रस्तावनेत हर्बर्टने स्पष्ट म्हटले आहे की, नेम धरण्यासाठी स्वतःपुढे एक लक्ष्य असावे म्हणून हे चित्र तो काढीत आहे आणि ते लक्ष्य त्याने मुद्दाम उंच ठेवले आहे. त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘कॅरॅक्टर’ या वाङ्मयप्रकाराची चौकट त्याने स्वीकारली. या प्रकारात व्यक्ती नसते, नमुना असतो. भूतकाळ नसतो, सदैव वर्तमानकाळ असतो. ‘पाळक असे करतो’, ‘पाळक तसे करतो’ ही वाक्यरचना एकामागून एक येत राहते. या व्याकरणात चुकण्याला जागाच नाही. वर्णन म्हणून वाचले तर ते आत्मस्तुती ठरते आणि आज्ञा म्हणून वाचले तर जुलूम. ते मुळात एका उमेदवाराने स्वतःसाठी केलेले टिपण होते, ही गोष्ट ग्रंथ छापला गेल्याबरोबर लोपली.

चुकणारा माणूस कवितांत आहे. ‘द टेम्पल’मधील ‘द विंडोज’ या कवितेत उपदेशक म्हणजे ठिसूळ, सदोष काच असे रूपक आहे. त्या काचेत ख्रिस्ताचे जीवन रंगून भाजले गेले तरच तिच्यातून येणारा प्रकाश डोळ्यांत भरतो, एरवी तो पाणचट दिसतो. सिद्धांत आणि जीवन ही रंग आणि प्रकाश यांसारखी एकत्र आली पाहिजेत, नुसते भाषण क्षणभर झळकून कानापुरते उरते, असा कवितेचा आशय आहे. गद्यात पाच नियमांनी जे साधत नव्हते ते येथे एका रूपकाने साधले आहे. काचेला स्वतःचा प्रकाश नाही, म्हणून तिला अभिनयही नाही. तिने फक्त भट्टीतून जायचे आहे. गद्याला मात्र हा मार्ग मोकळा नव्हता, कारण गद्याला उद्या सकाळी काय करावे हे सांगायचे होते. पाळकाच्या हातात काव्य देऊन भागत नाही, हे त्या थोर कवीला ठाऊक होते.

तरीही ग्रंथाच्या उत्तरार्धात एक प्रकरण असे आहे जेथे गद्य आणि काव्य यांतील हे अंतर जवळजवळ मिटते. ते प्रकरण म्हणजे पाळकाच्या ग्रंथालयाविषयीचे तेहतिसावे. ग्रंथांची यादी अपेक्षिणाऱ्या वाचकाला तेथे यादी मिळत नाही. पवित्र आचरण हेच पाळकाचे ग्रंथालय, असे सांगितले जाते. शास्त्र समजून घेण्याच्या साधनांतही आचरणाचा क्रमांक हर्बर्टने चौथ्या प्रकरणात पहिला लावलेला होता. येथे तो कारण देतो : ज्या मोहांशी पाळक स्वतः झुंजला आणि ज्यांतून तो निभावला, त्यांविषयीच तो इतरांना खऱ्या अर्थाने सांगू शकतो. उपदेशाचे मूळ येथे सद्गुणात नाही, झुंजीत आहे. सदैव वर्तमानकाळात वावरणाऱ्या त्या निर्दोष नमुन्याला अचानक भूतकाळ प्राप्त होतो. आणि यासाठी योजलेला दृष्टान्त विलक्षण आहे. ज्याला एकदा क्षय झाला आणि कशाने आपण बरे झालो हे ज्याला कळले, तो त्या रोगापुरता वैद्यच होय. पुष्कळ शिकलेल्या पण कधीही आजारी न पडलेल्या वैद्यापेक्षा तो अधिक नेमकेपणाने उपचार करील.

ग्रंथाची प्रस्तावना 1632 सालची आहे. त्यानंतर फार महिने गेले नाहीत. क्षयातून बरा झालेला रोगी हा दृष्टान्त लिहिणाऱ्या हाताला तो रोग सोडणार नव्हता. बरे झाल्याचा अनुभव ज्याच्या गाठीशी नाही त्याने बरे होण्याविषयी कोणत्या अधिकाराने बोलावे, हा प्रश्न प्रकरणात विचारलेला नाही. पण ग्रंथाला शेवटी जोडलेल्या दोन प्रार्थनांपैकी पहिली, उपदेशापूर्वी म्हणावयाची, वाचली म्हणजे त्याची सावली तेथे दिसते. देवाला ज्या ज्या नावांनी आपण हाक मारतो त्या प्रत्येकाच्या नेमके उलट आपण आहोत, अशी कबुली तिच्या आरंभी आहे. आणि प्रार्थना संपता संपता, 37 प्रकरणे ‘पाळक’ या नावाआड राहिलेला लेखक प्रथमपुरुषी एकवचनात पुढे येऊन आपल्याला शिकवावे म्हणजे आपण यांना शिकवू, अशी याचना करतो. हर्बर्टच्या व्यासपीठावरचे जे काही उरले आहे ते एवढेच : उपदेशाच्या अलीकडची प्रार्थना आणि पलीकडची. मधला तास नाही.